मैना छाप बिडी

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचते. पांढरी साडी, बंद खोली, मागून आलेली हाक... मी जन्मभर पोरांना फिजिक्स शिकवलं. त्यात आमचं घर बौद्ध. घरात देवच नाही, तिथे भुतांना कोण विचारतो! लहानपणी अंधाराला भ्यायले की बाबा म्हणायचे, "लाइट लाव अन् पाहून घे, कोणी हाय का." त्यामुळे मी कधी इथे काही लिहीन असं कोणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यातच काढलं असतं. पण झालं ते झालं. मन मोकळं करावं असा घरात एकच माणूस आहे, आणि त्याच्याशी मी सध्या कामापुरतंच बोलते. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

आम्ही भिलाईत स्मृति नगरला राहतो. आम्ही म्हणजे मी आणि बाबा. ते स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून रिटायर झाले, आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. मी लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा मी तिसरीत होते. "माही शिफ्ट ड्यूटी, घरात बाईमाणूस नाही, तुले कोण पाहीन?" असं म्हणून बाबांनी मला रायपूरच्या हॉस्टेलात ठेवलं, ते पार शिक्षण संपेपर्यंत. सुट्टी लागली की बाकीच्या पोरींना न्यायला मामा, काका, आत्या यायच्या. मला न्यायला फक्त बाबा, तेही त्यांना रजा मिळाली तर. तरी मी राग धरला नाही. नागपुरात हमाली करणाऱ्या बापाचं एकुलतं एक पोर, आईबाप लहानपणीच गेले, भाऊ नाही, बहीण नाही... हेच ऐकत मी मोठी झाले. उलट मलाच त्यांची कीव यायची.

मागच्या वर्षी मीही रिटायर झाले. दिवस खायला उठला तेव्हा घराण्याचा शोध घ्यायचं खूळ डोक्यात शिरलं. जुन्या ट्रेड डिरेक्टरी असतात ना – कोणत्या गावात कोणाचं दुकान, कोणाचा कारखाना, अशी जाडजूड छापील पुस्तकं – त्या आता स्कॅन करून नेटवर टाकल्या आहेत. मी नागपूरकडची पानं चाळत बसायचे. आजोबा सापडतील अशी आशा नव्हतीच, हमालाचं नाव तिथे कशाला असेल! पण जाहिराती वाचायला मजा यायची. केसांचं तेल, सायकली, बँडवाले. एकदा दुपारी सहज सर्चमध्ये आजोबांचं नाव टाकलं. गोमाजी झिबलजी. आणि आलं की हो! स्वातंत्र्याच्या आधीची डिरेक्टरी, गाव कामठी, वर्गवारी बिडी कारखानदार. शेजारी चौकटीत जाहिरात होती, 'मैना छाप', फांदीवर बसलेला पक्षी.

मी नाचतच लॅपटॉप घेऊन बाबांकडे गेले. म्हटलं, "बाबा, तुमचे बाबा हमाल नव्हते, मालक होते मालक!"

बाबांनी चष्मा लावला, पान पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. "दुसरे कोणी असतीन."

"आडनाव तेच आहे. आणि पणजोबांचं झिबल हे नाव काय गल्लोगल्ली असतं?"

"बंद कर ते. कावून उकरून राहिली तू? मेलेल्या माणसायले मरू दे."

असं ते माझ्याशी कधी बोलत नाहीत. पण म्हातारपण म्हणून मी सोडून दिलं.

मात्र बिडीचा धंदा आपल्या घरात होता म्हटल्यावर तो असतो कसा ते बघायची इच्छा झाली. आमच्याकडे कामाला येणाऱ्या निर्मलाची सासू इथे जवळच कुरुदला राहते, पूर्वी ठेकेदाराकडे बिड्या वळायची, अजूनही घरबसल्या थोड्या वळते. एका सकाळी मी निर्मलाबरोबर तिच्याकडे गेले. म्हातारी ओसरीत सूप मांडीवर घेऊन बसली होती. भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, तंबाखूचा चुरा, दोऱ्याचं रीळ. मी थोडा वेळ पाहिलं आणि म्हटलं, मलाही एक करू द्या. तिने हसत सूप माझ्या मांडीवर दिलं.

आता इथून पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी उजव्या हाताची. कात्री मी डाव्या हातात घेतली. घेतली म्हणजे काय, ती डाव्या हातात होती हे मला नंतर कळलं. पान कापलं गेलं, चुरा पसरला, पान वळलं गेलं, डाव्या अंगठ्याने बिडीचं तोंड आत दुमडलं, दोरा बांधला. मी फक्त बघत होते. भीती वाटली नाही, कसलाच विचार आला नाही. हात कोपरापासून पुढे माझे नव्हतेच, एवढंच आठवतं. मी जन्मात तेंदूचं पान हातात धरलेलं नाही हो! बाबांना बिडीचा वाससुद्धा चालत नाही, घरी आलेल्या पाहुण्याने पेटवली तर ते उठून जातात.

म्हातारीने ती बिडी उचलली, तोंडाकडची बाजू डोळ्यांजवळ नेली आणि तिचं हसू गेलं. "ये मोड़ तो मैना दीदी के आय," ती म्हणाली. "दुर्ग वाली. डेरी हाथ ले अइसने मोड़य. तैं कहाँ ले सीखे?"

म्हणजे अशी डाव्या हाताची घडी दुर्गची मैना दीदी घालायची, तू कुठे शिकलीस? मी विचारलं, कोण मैना दीदी? तर ठेकेदाराकडे सोबत काम करणारी, मोहन नगरला राहायची, बोली मराठी, माहेर कामठी.

मी ती बिडी रुमालात गुंडाळून घरी आणली. बाबा जेवून पेपर वाचत बसले होते. मी बिडी त्यांच्या हातावर ठेवली. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. तिच्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि एकदम लहान मुलाच्या आवाजात विचारलं, "बाई कुठी भेटली तुले?"

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

मग सगळं बाहेर आलं. आजोबांनी छापाला नाव दिलं ते लेकीचं, मैनाचं. कारखाना बुडाला, आईबाप गेले, तेव्हा तिने बिड्या वळून या भावाला वाढवलं, आय.टी.आय. करवलं. त्याला प्लांटात नोकरी लागली तशी तीही मागोमाग दुर्गला आली. नवऱ्याने टाकलेली होती ती. आईचं माहेर रेल्वेतल्या क्लार्काचं. सोयरीक ठरताना घरी कोण कोण असतं असं त्यांनी विचारलं, तेव्हा टाकलेल्या, बिड्या वळणाऱ्या बहिणीची लाज वाटून बाबांनी सांगितलं, कोणी नाही. बहीण होती, मेली.

"अन् आई गेल्यावर?" मी विचारलं. "तेव्हा कोणाची भीती होती तुमाले? मले हॉस्टेलात टाकलं तुमी. ती इथं होती, दुर्गले, बसनं अर्धा तास!"

"एकदा बाई मेली म्हटलं ना," बाबा म्हणाले, "मंग जित्ती कशी करू?"

मी त्यांच्या समोरून उठून गेले. हॉस्टेलात मला गोवर आला होता तेव्हा वॉर्डनने बेड कोपऱ्यात हलवला होता, आणि मी उशीत तोंड घालून स्वतःला समजावत होते की बाबांचं कोणी नाही, ते तरी काय करणार. ते आठवून मला स्वतःचीच लाज वाटली. फसवलं ते फसवलं, वर माझ्याकडून दयाही घेतली.

दुसऱ्या दिवशी मोहन नगरला गेले. शोधायला वेळ लागला नाही, बिडीवाल्या मैनाबाईला तिथले जुने लोक ओळखतात. ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी ती वारली. शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिलेली कांता म्हणून एक बाई आहे, तिला आत्यानेच वाढवलं. परक्याची पोर वाढवली हो तिने! मी तिला कुरुदचा प्रकार सांगितला तर तिने कुठून तरी पानं मागवली आणि माझ्यासमोर ठेवली. मी डावा हात लावला, उजवा लावला. पानं फाटली, चुरा सांडला. आजतागायत मला एक बिडी वळता आलेली नाही.

"मलेच नाई जमली ती घडी," कांता म्हणाली. "इतके साल बाजूले बसून पाह्यलं, तरी नाई. तुमाले कैसे आली?"

मी विचारलं, "आत्या कधी माझ्याबद्दल बोलायची का?"

कांता गोंधळली. "तुमच्याबद्दल? ताई, तिले तर मालूमच नव्हतं. भाऊ एक बार आले होते, बायको मेली सांगाले. तिनं पयले हेच इचारलं, लेकरू हाय का? तर ते नाई म्हणाले. मंग कितीक डाव बोलून दाखवे – एखादं लेकरू असतं ना, तर मी उठून त्याच्या घरी गेली असती."

मी घरी आले. बाबांना जेवायला वाढलं. अजूनही वाढते, गोळ्या देते, ते काही विचारतात त्याचं उत्तर देते. ही गोष्ट मात्र मी त्यांना विचारलेली नाही. पुन्हा एखादं खोटं ऐकायची माझी तयारी नाही.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, रक्तात असतं. काही म्हणतील, लहानपणी कुठेतरी पाहिलं असेल. मी स्वतःला हे सगळं विचारून झालंय, आणि पोरांनी परीक्षेत असली उत्तरं लिहिली असती तर मी मार्क दिले नसते. माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही. मैना आत्याच्या लेखी मी जन्मलेच नव्हते... मग तिचा हात माझ्यापर्यंत आला कसा?