अरबीच्या गाठी

आमच्या मालवणच्या वाडीतला तो म्हातारा तांडेल तरुणपणी गलबतावरून बसऱ्याला जायचा. मला बहारीनला एका दुकानात नोकरी लागली, तेव्हा पावसाळाभर त्याने मला अरबी शिकवलं. पुस्तक नव्हतंच. फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन तो एक गाठ मारायचा आणि मला एक वाक्य म्हणायला लावायचा. उच्चार चुकला की मारलेली गाठ सोडवायचा. रागवायचा मात्र नाही. "जिभेन नको, गळ्याच्या मुळातसून काढ," म्हणत माझ्या कंठावर खरबरीत बोट टेकवायचा.

मी फार चुकलो. नारळी पुनवेला साऱ्या होड्या दर्यात गेल्या, त्याची एकटी किनाऱ्यावर राहिली. जाळं अर्धंच झालं होतं. माझी मान खाली गेली.

"आजोबानू, माका जमाचा नाय."

"जाळां चवथीनंतर होतला," तो म्हणाला. "तुझी बहारीनची बोट तुझ्यासाठी रवाची नाय. परत म्हण."

बहारीनच्या दुकानात मी पहिलं वाक्य बोललो आणि समोरच्या अरबाने सरळ उत्तर दिलं. मी मात्र अजून खालीच बघत होतो, गाठ सुटते की काय म्हणून.