भर पाण्यात बंद पडलेलं मशीन

सैन्यातून सुटून आलो तेव्हा मी तिशीचा होतो. कोयनेच्या जलाशयावर एका ठेकेदाराची नाव चालवायचं काम मिळालं. नावेच्या मागं अडकवलेलं पेट्रोलचं मशीन जुनं होतं. दर वेळी चाकावर दोरी गुंडाळून हिसका मारायचा, मग ते मर्जीनं सुरू व्हायचं.

उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की बुडालेली वावरं उघडी पडत. गाळ कसदार, पण बांध वाहून गेलेले. कुणाचं कुठवर, यावरून दरसाल डोकी फुटायची.

त्या सकाळी मी पलीकडच्या काठाला होतो; रात्री तिथंच मुक्काम करून मशीन नुकतंच नावेला परत अडकवलं होतं. एक बाई नवऱ्याला ओढत खाली आणत होती. त्याच्या दंडावर कोयत्याचा वार होता. आतलं हाड दिसत होतं. वावराच्या हद्दीवरून सख्ख्या धाकट्या भावानं मारलं होतं.

"आवं दादा, सोडा नाव! त्यो मागनं येतोय!"

त्याला नावेत निजवून मी माझ्या टॉवेलनं दंड करकचून बांधला. दोरी ओढली. मशीन लागलं आणि दहा-बारा हात जाऊन विझलं. समोरून वारा. नाव परत काठाकडं सरकायला लागली, आणि उतारावरून धाकटा पळत येताना दिसला. हातात तोच कोयता.

आधी ठिणगी बघायची, मग पेट्रोल, एवढं फौजेत शिकलो होतो. प्लग काढून मशीनच्या अंगाला टेकवला, दोरी ओढली. ठिणगी निळी, कडक. पण प्लग कोरडा ठणठणीत. पेट्रोल येतच नव्हतं. वरची टाकी हलवली तर अर्धी भरलेली. नळी सोडली, दोन थेंब गळले नि थांबले.

तेवढ्यात नावेला हिसका बसला. धाकटा कमरेएवढ्या पाण्यात उभा, एका हातानं नावेची कड धरलेली.

"बाजूला हो गं वैनी! आज ठेवत न्हाई त्येला!"

बाई नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली. कोयता वर गेला तसं मी वल्हं उचलून त्याच्या मनगटावर हाणलं. कोयता पाण्यात गेला. तो रिकाम्या हातानं माझ्याकडं बघत राहिला. तिथंच थांबायला हवं होतं. मी दुसरा तडाखा जबड्यावर दिला. हाड मोडल्याचा आवाज आला. खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं.

तो पालथा पाण्यात पडला. बाईनंच उडी टाकली, केसाला धरून त्याचं तोंड वर काढलं.

"मरंल की ह्यो! बघताय काय? घ्या वर!"

आम्ही दोघांनी मिळून त्याला नावेत भावाशेजारी टाकलं. पुन्हा टाकीकडं वळलो तेव्हा झाकणावरचा हवेचा बारका स्क्रू दिसला. घट्ट बंद. आदल्या दिवशी मशीन उचलून नेताना पेट्रोल सांडू नये म्हणून मीच आवळला होता. ढिला केला, हवा फुस्सकन आत गेली, नळीतनं धार लागली. नळी जोडली, प्लग बसवला. दुसऱ्या हिसक्याला मशीन लागलं.

अर्धा तास दोघं भाऊ पायाला पाय लावून पडले होते. नावेच्या तळाचं पाणी लाल झालं होतं. बाई एकाचा दंड आणि दुसऱ्याचं डोकं धरून बसली होती.

दवाखान्यात हवालदार आला. थोरला म्हणाला, "पाय घसरला सायेब. कोयत्यावर पडलो."

"आणि ह्याचा जबडा?" हवालदारानं धाकट्याकडं बोट केलं. त्याला तर बोलताच येत नव्हतं.

"मी मारलं," मी म्हणालो. "दोन वेळा."

दोन दिवस कोठडीत होतो. तक्रार द्यायला कुणीच पुढं आलं नाही, म्हणून सोडलं. थोरल्याचा हात पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही. धाकट्याला बरेच दिवस वैनीच पेज भरवायची, असं कळलं. मी महिनाभरात नाव सोडली आणि कराडला पाण्याचे पंप दुरुस्त करायला लागलो.