अक्कानं दोरीवरून नदी ओलांडली

माझी अक्का मेली, त्याला आज वर्ष झालं.

'देवाघरी गेली' वगैरे तिला चालायचं न्हाय. म्हैस मेली तर मेलीच म्हणायची ती, आणि माणूस मेलं तरी मेलंच.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आईचा चेहरा मला फोटोतूनच माहीत. अक्काचं लग्न कुरुंदवाडला झालं, तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून मला पाठवलं.

पाठराखीण चार दिवसांत परत येते. मी कॉलेजला जाईपर्यंत तिथंच राहिले.

तिच्या सासूनं एकदा विचारलं, "ही कधी जाणार?"

अक्का म्हणाली, "मी जाईन तवा."

पुढं मला बँकेत नोकरी लागली. उचगावात फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही. अक्का तिकडं म्हशींच्या मागं. सकाळ-संध्याकाळ धारा, त्यामुळं एक रात्र कधी बाहेर काढली नाही. भावजी गेले त्या दिवशीसुद्धा धार तिनंच काढली.

शेवटी गुडघ्यांनी दगा दिला. म्हशी विकल्या. आणि लगेच तिचा फोन.

"सुमे, हिमाचलात गरम पाण्याचं कुंड हाय म्हणं. मोबाईलवर बघितलं मी. गुडघं बुडवून येऊ."

गेलो.

मनालीच्या अलीकडं एका खोऱ्यात छोटंसं गाव. एक बाजार, एक देऊळ, देवळाला लागून कुंड. बाकी सगळ्या पाट्याच. राफ्टिंग, पॅराग्लायडिंग, झिपलाईन.

बायकांच्या कुंडात अक्का परकर छातीशी बांधून उतरली आणि "आई गंऽऽ" करून अशी ओरडली की पंजाबी बायका दचकल्या. मग तासभर बाहेर यायला तयार नाही. एकीला पाठ चोळून दिली, दुसरीकडून आपली चोळून घेतली. भाषा कुणाचीच कुणाला कळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी फिरताना तिनं झिपलाईन बघितली. या काठावरनं त्या काठावर तार, आणि माणसं लटकत चाललेली.

"मी जातो," अक्का म्हणाली. (पुण्याच्या मैत्रिणींनो, आमच्याकडं बाया पण 'मी जातो'च म्हणतात. हसू नका.)

तिथला माणूस म्हणाला, "माताजी, आप रहने दो."

"का? तुमारा दोरी तुटता है क्या?"

"नहीं माताजी."

"मग झालं तर. बांध."

साडीखाली माझी ट्रॅकपँट घातली, वर पट्टे बांधले, डोक्यावर हेल्मेट. मला म्हणाली, "तू बी चल." मी नाही म्हटलं. मला बघूनच चक्कर येत होती.

अक्का गेली. ओरडली नाही, डोळे मिटले नाहीत. पदर तेवढा फडफडत होता.

ती पलीकडं उतरली आणि वारा सुटला.

वाऱ्यात तार चालवत नाहीत. परत कधी सुरू होईल सांगता येत नाही, म्हणाले. पूल बराच खाली होता. अक्का पलीकडून हात हलवून काहीतरी सांगत होती. नदीच्या आवाजात एक अक्षर ऐकू येईना. मग ती वळली आणि झाडांत दिसेनाशी झाली.

मी पुलाकडं अक्षरशः पळत निघाले. बँकेत ऑफिसर झालेली बाई, रस्त्यानं रडत चाललीय.

पलीकडं पोचले, तर सफरचंदाच्या बागेतल्या एका घराच्या अंगणात अक्का गाईखाली बसलेली. धार काढत. शेजारी घरमालकीण, हाताला प्लास्टर.

"हिचा हात मोडलाय. गाय हंबरत हुती," अक्का म्हणाली. "बघत बसायचं व्हय?"

मी चिडले. "अक्का, मी किती घाबरलो! अशी न सांगता जातीस?"

"का? मी काय हरवलो असतो?"

"तू न्हाय. मी हरवलो असतो."

अक्का गाईखालनं उठली. पदराला हात पुसला, माझ्या डोक्यावरनं फिरवला. म्हणाली, "खुळी. च्या पी."

तिथून आल्यावर दोन-तीन महिन्यांत, सकाळी अंगणात बसल्या जागी अक्का मेली. डॉक्टर यायच्या आत.

लोक अक्काच्या मुलांना, म्हणजे माझ्या भाच्यांना भेटायला आले, तिच्या सुनांना भेटायला आले. मला विचारायचे, "तुम्ही कोण?"

"बहीण."

"बरं बरं," म्हणून पुढं जायचे. त्यांचं काही चुकलं नाही. बहीणच होते मी.

बँकेत चौथ्या दिवशी गेले, तर सगळे नेहमीसारखे. आई वारल्यावर माणसाला जसं विचारतात, तसं मला कुणी विचारलं नाही.

मागच्या आठवड्यात मी एकटीच त्या गावाला जाऊन आले.

लॉजवाल्यानं माझ्या मागं बघत विचारलं, "और कौन है साथ में?"

कुंडात उतरले. पाणी तेवढंच गरम. सगळ्या बायका कुणा ना कुणाबरोबर आलेल्या. मी एका कोपऱ्यात बसून राहिले. पाठीला हात पोचत नव्हता. कुणाला सांगायचा धीर झाला नाही. अक्का असती तर तिनं परस्पर कुणालाही कामाला लावलं असतं.

झिपलाईनपाशीही गेले. तार चालू होती, वारा नव्हता. बेंचवर बसून माणसं जाताना बघितली आणि उठून आले. पलीकडं गेले नाही. उगाच खोटं कशाला लिहू.

आज कुरुंदवाडला वर्षश्राद्ध झालं. भाच्यानं सगळं नीट केलं. त्याच्या बायकोनं आग्रह करून वाढलं, डबाही दिला. एसटीनं परत आले. कुलूप काढलं, चप्पल काढली, आणि मोबाईल हातात घेतला.

कुरुंदवाडहून घरी आलं की अक्काला फोन करायचा, 'पोचलो' म्हणून. नाहीतर ती जेवायची नाही.

बराच वेळ तशीच दारात उभी होते.

अक्का, मी पोचलो. तू आता जेवून घे.

तुझ्या पाठराखणीचा नमस्कार.