तिसऱ्या दिवशी उघडलेला खड्डा

"आदी केळं, मंग बोलनं."

कल्याणच्या बंदरावर कुणी केळीवाल्या मावशीशी भांडायला आलं, तरी ती पहिल्यांदा त्याच्या हातात अर्धं केळं ठेवी आणि आपली दोन बोटं हवेत उभी धरी. केळं संपेपर्यंत बोटं खाली यायची नाहीत. मग म्हणे, "हां, आता बोल." तोवर भांडण कुठलं राहायला!

आपल्या मालावर जीव टाकणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी पाहिलेली ही एकच, आणि तिच्याविषयी लिहायला बसलो की आजही हाताला घाई सुटते. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

मी संगमेश्वराकडचा. मिठाच्या गोणी वाहायला कल्याणला आलेलो. खाडीतून मिठाच्या होड्या येत. फळीवरून गोणी धक्क्यावर चढवायची, तिथून रेल्वेच्या वखारीत. धक्क्यालगत ती बसे. आगऱ्यांची बाई, एकटी. वसईकडून होडीने कच्ची केळी घ्यायची आणि झोपडीमागच्या खड्ड्यात पिकवायची. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणू लागलो.

केळ्याला ती नुसतं फळ म्हणत नसे. दात न आलेलं पोर खातं, दात पडलेला म्हातारा खातो, सुरी नको, चूल नको, सालीत बंद म्हणून धुवायलाही नको. असं दुसरं काही दाखवा, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला आव्हानच द्यायची. काळे ठिपके बघून कुणी नाक मुरडलं की मात्र भडके. "त्यो डाग नाय, ती साखर हाय. तुझ्या तोंडावर हायेत त्ये डाग."

त्या वर्षी भाद्रपदात मला हिवतापाने धरलं. ताप गेला, पण पोट सुटलेलं राहिलं. अंगात फळीवर नुसतं उभं राहण्याचीही ताकद उरली नाही. मुकादमाने सांगून ठेवलं, येत्या शनिवारी एक गोण न थांबता वर ने, नाहीतर गावची वाट धर. गावी आई आणि दोन बहिणी माझ्या वाटेकडे डोळे लावून होत्या. मला रात्री झोप येईना.

माझ्या खोलीतले हमाल म्हणत, केळं थंड, ताप उलटेल. मावशीने ते ऐकलं आणि पोट धरून हसली. पावसानंतरची पहिली होडी नुकतीच लागलेली, सगळा माल हिरवा. तिने त्यातली चार राजेळी केळी उकडली, मीठजिरं लावून कुस्करली नि माझ्यापुढे ठेवली. "कच्चं बांधतं, पिकलं सोडतं. दोन केळी वेगळी, एकच समजू नको." खरं सांगतो, दोन दिवसांत पोट जागेवर आलं! मला नाचावंसं वाटलं, फक्त पाय लटपटत होते.

आता ताकदीला पिकलेली हवी होती, आणि पिकलेलं केळं तेव्हा बंदरात औषधालाही नव्हतं. मी एक हिरवी फणी आणून तांदळाच्या मडक्यात पुरली. पिकली का, म्हणून सकाळी उघडलं, दुपारी उघडलं, संध्याकाळी चाचपलं. केळी होती तशीच, दगड. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "झाकलंस ना? मंग उघडतोस कशाला? ऊब पळते रं. पोटातलं पोर कोनी मधीच बघतं का?"

तिचा खड्डा बुधवारी भरलेला. पेंढा, केळीची सुकी पानं, वर शेणीची धुरी, मग मातीने तोंड बंद. चार दिवस पुरे झाल्याशिवाय तिने तो कधी उघडला नव्हता, अगदी सावकाराच्या घरचं लग्न असतानाही. म्हणजे रविवार. माझा शनिवार.

शुक्रवारी सकाळी ती माझ्या दारात. पदरात दोन फण्या, पिवळ्याधमक! मी विचारायला तोंड उघडलं, तर दोन बोटं वर. दिवसभर खाल्ली, शनिवारी पहाटे खाल्ली. गोण पाठीवर आली तेव्हा गुडघे वाकले, पण मोडले नाहीत. फळी संपली. मुकादम विडी पेटवत एवढंच म्हणाला, "सोमवारपासून ये."

मी धावत मावशीकडे निघालो आणि लांबूनच तिची हाळी ऐकली. "भाजीची केळी घ्या, भाजीची!" तिच्यापुढे कडक, अर्धवट केळ्यांचा ढीग होता. खड्डा तिने शुक्रवारीच उघडला होता; मधल्या तेवढ्या दोन फण्या पिकलेल्या, त्याच मला दिलेल्या. बाकीच्यांची ऊब गेली ती गेलीच. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चढलास ना? मंग झालं."

पुढे सहा वर्षांनी खड्डा भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती बसल्या जागी गेली. अग्नी देऊन परतल्यावर गावाहून आलेला तिचा भाऊ कुदळ घेऊन खड्ड्याकडे निघाला, माल विकून त्याला घरी जायचं होतं. मी आडवा आलो. अजून तीन दिवस, म्हटलं. तिन्ही दिवस तिथेच बसून राहिलो, मातीवर हात ठेवून. आतून ऊब लागत होती.

चार दिवस पुरे झाले तेव्हा उघडला. एकूण एक फणी पिकलेली, एक केळं कडक नाही! बंदरावरचे सगळे हमाल जमले, मुकादमही. मी प्रत्येकाच्या हातात एकेक केळं ठेवलं आणि दोन बोटं वर धरली. केळी संपली, तरी माझ्याने बोटं खाली घेववली नाहीत.