उरलेलं अर्धं पान

शाळेसमोरच्या गल्लीत युनिफॉर्म शिवणाऱ्या बाईला सगळे ‘कर्णा’ म्हणत. आवाजच तसा होता. “हिला फोन कशाला? खिडकी उघडली की झालं,” असं नवरा म्हणायचा आणि तीच सगळ्यांत मोठ्यानं हसायची. मुलगी आठवीत गेल्यावर ती पालक समितीत गेली. कुणाला सभेत काही बोलायचं असलं आणि धीर होत नसला, की कर्ण्याला पुढे करायचे.

त्या पुस्तकाचंही तसंच झालं. शाळेच्या लायब्ररीत किशोरवयीन मुलांसाठी एक नवी कादंबरी आली होती. तिच्यातल्या एका पानाचा फोटो अध्यक्षांनी कर्ण्याला दाखवला. चित्रकलेचे सर शिकवताना हात कुठे ठेवतात, ते एक शाळकरी मुलगी सांगत होती. कर्ण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैदानावर सभा भरली होती, मागे मुलंमुलीही बसली होती. तिथं तिनं खड्या आवाजात तेवढं वाचलं आणि लायब्ररीच्या बाईंकडे बोट केलं.

“असली घाण आमच्या पोरींच्या हातात देताना लाज नाही वाटली?”

बाई उभ्या राहिल्या. “तुम्ही पुस्तक वाचलंय का?”

“शितावरून भाताची परीक्षा होते!” कर्णा म्हणाली. टाळ्या पडल्या.

पुस्तकावर बंदी आली. बाईंकडून लायब्ररी काढून घेतली, त्यांना ऑफिसात फोन उचलायला बसवलं. पुरावा म्हणून आणलेली प्रत मात्र कर्ण्याच्याच दुकानात राहिली, चिंध्यांच्या पिशवीखाली.

पुढच्या वर्षी एका दुपारी शिलाई मशीनचा पट्टा तुटला. मेकॅनिक “आलोच” म्हणाला, म्हणजे आज काही येत नाही. रिकामं बसवेना म्हणून तिनं ते पुस्तक ओढून काढलं. बघू तरी आणखी काय काय लिहिलंय, अशा तोऱ्यातच तिनं सुरुवात केली.

ते पान आलं. फोटोत ते अर्ध्यावरच कापलेलं होतं. खालच्या अर्ध्यात मुलगी बोलता बोलता अडखळते, आईकडे बघते. आई गॅस बंद करते, जवळ येऊन बसते आणि म्हणते, “तुझी काही चूक नाही. पुढे सांग.”

कर्ण्याचे कान तापले. गल्लीत कुणी नव्हतं, तरी तिनं शटर खाली ओढलं आणि उरलेलं पुस्तक ट्यूबलाइटच्या उजेडात वाचून काढलं. घाण कुठेच नव्हती. एक घाबरलेली पोर होती, आणि तिचं बोलणं अर्ध्यात तोडून कर्ण्यानं टाळ्या घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या ऑफिसात गेली. “बाई, वाचलं मी. चुकलं माझं.”

बाईंनी वर पाहिलं. “माझ्या कानात सांगून काय उपयोग? तेव्हा सगळ्यांसमोर बोलला होतात.”

तिला हे लागलं, कारण ते खरं होतं. पुढच्या सभेत तिनं माइक मागून घेतला. माइक असूनही आवाज मागपर्यंत पोचेना. “मी न वाचता बोलले,” ती कशीबशी म्हणाली. “तुम्ही वाचा, मग ठरवा.”

“कर्ण्याचे सेल उतरले वाटतं!” मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. नवरा मान खाली घालून बसला होता. ठरलं ते ठरलं, असं म्हणून अध्यक्षांनी स्कूल बसचा विषय काढला.

मग ती दुकानात येणाऱ्या आयांना हळूच सांगू लागली, “हे वाचा, मुलींनाही द्या.” 

“बंदी आणणारी तूच ना गं?” बहुतेकींचा हाच प्रश्न.

“हो, मीच,” ती म्हणायची, आणि दर वेळी तोंड कडू व्हायचं. काहीजणी पुस्तक न्यायच्या, बऱ्याचजणी नाही.

दवाखान्यातल्या नर्सताईची मुलगी सारखी युनिफॉर्म सैल करून मागायची. कर्ण्यानं तिच्या आईला पुस्तक दिलं, तर ती भडकलीच. “माझ्याच पोरीला कशाला?” तरी जाताना पिशवीत कोंबून घेऊन गेली.

बऱ्याच दिवसांनी नर्सताई आली आणि स्टुलावर बसली.

“दोघींनी वाचलं. मग बोलली ती. क्लासचे सर... क्लास बंद केला. तक्रार दिलीय. बरं झालं दिलंस. पण एक सांगू? तुझी ती सभा झाली ना, त्याच दिवशी ती मला सांगणार होती म्हणे. तुझं बोलणं ऐकलं आणि गप्प बसली. असलं काही बोलणं म्हणजे घाण, असं वाटलं तिला.”

नर्सताईच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

नवीन वर्षाच्या युनिफॉर्मसाठी नर्सताईची मुलगी एकटीच आली. कर्ण्यानं टेप तिच्या हातात दिली. “तूच घे माप, मी लिहून घेते.”

मुलीनं सावकाश एकेक आकडा सांगितला. कर्णा लिहीत राहिली. मान वर करून तिच्याकडे बघणं काही तिला जमलं नाही.