ढोलकीवाले तायडे आणि सबवूफर

विश्रांतवाडीत रामदास तायडे म्हटलं तर कुणी ओळखायचं नाही; ढोलकीवाले तायडे म्हणायला लागे. दिवसा कारखान्यात प्रेस मशीन आणि सुट्टीच्या दिवशी बायकोच्या गाण्याला साथ, असं त्यांचं आयुष्य गेलं. कांताबाईंचा आवाज खणखणीत. बुद्धविहारात, जयंतीला, लग्नात दोघांना हमखास बोलावणं असायचं.

मशीनच्या दणदणाटानं रामदासांचे कान हळूहळू गेले. एका लग्नात गाणं संपलं तरी ते वाजवतच राहिले. पोरं हसली. घरी आल्यावर त्यांनी ढोलकी माळ्यावर टाकली. कानाचं मशीन आणलं, पण त्यात नुसता कलकलाट. कांताबाईही मग गायचं टाळू लागल्या. "तुमच्याशिवाय जमत नाही," म्हणायच्या. ते त्यांना ऐकूच जायचं नाही.

मुलगी निकिता बंगळूरला नोकरीला. सुट्टीत आली तेव्हा आईच्या जुन्या कॅसेटमधली, पप्पांच्या ढोलकीच्या साथीची गाणी तिनं घरच्या कॉम्प्युटरवर भरून ठेवली. परत गेल्यावर तिनं कुरियरनं एक खोकं पाठवलं. त्यात दोन छोटे स्पीकर आणि एक जड काळा डबा होता, खर्जाचे आवाज घुमवणारा सबवूफर.

फोनवर बोलणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं मेसेज केला : "पप्पा, छोटे स्पीकर काळ्या डब्याला जोडा. त्याची हिरवी पिन कॉम्प्युटरच्या मागे हिरव्या भोकात."

रामदास टेबलाखाली शिरले. कांताबाईंनी बॅटरी धरली. सगळं जोडलं, बटण दाबलं, गाणं लावलं. कांताबाईंनी हातानंच खूण केली : काही नाही.

ते पुन्हा आत गेले. पिन गुलाबी भोकात गेली होती, माईकच्या. काढून हिरव्यात घातली आणि आवाज थोडा वाढवला.

ते टेबलाखालीच थांबले.

"अहो, लागलं का डोक्याला?" कांताबाई वाकल्या.

रामदासांचा तळवा काळ्या डब्यावर होता. "धुम लागतोय," ते म्हणाले. "कांता, माझा डावा हात ऐकू येतोय."

शब्द कळत नव्हते. गाण्यातला कांताबाईंचा आवाजही पोचत नव्हता. पण ढोलकीचा, डाव्या हातानं वाजवलेला खर्ज छातीत घुमत होता. त्यांनी माळ्यावरून ढोलकी उतरवली, वाद्या ताणल्या आणि डब्याला गुडघा टेकवून आपल्याच जुन्या ठेक्याबरोबर वाजवायला बसले.

थोड्या दिवसांनी खालच्या मजल्यावरचा सौमित्र दारात आला. "काका, आमच्या मांडणीवरची भांडी नाचतात. कार्यक्रम आहे, तर निदान तिकीट तरी लावा!" कांताबाईंनी त्याला आत बोलावून चहा दिला आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. जाताना म्हणाला, "मी संध्याकाळी सातपर्यंत ऑफिसात असतो. तोवर वाजवा."

बुद्धपौर्णिमेला दोघं विहारात गेली. कांताबाईंनी साउंडवाल्याला सांगून मोठा बॉक्स रामदासांना खेटून ठेवून घेतला. स्वतः त्यांच्या समोर बसल्या, म्हणजे ओठ दिसतील. दुसऱ्या कडव्यात रामदासांचा ठेका गाण्याच्या जरा पुढे गेला. कुणी हसायच्या आत कांताबाईंनी ओळ मध्येच सोडली, त्यांच्या गुडघ्यावर हातानं ताल दिला आणि तीच ओळ त्यांना सोबत घेऊन पुन्हा सुरू केली.