गाडीची नाडी पाहणारे दाजी

आमच्या थोरल्या साडूंइतका आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस उभ्या कळंब तालुक्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर दाजी आधी त्याचं वजन करून बघतील. मोंढ्यातल्या भुईकाट्यावर त्यांची सारी नोकरी गेली. आडत्या काय म्हणतो, ट्रकवाला कुणाची शपथ घेतो, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. काटा दाखवेल तेवढं खरं. निवृत्तीनंतर मोजायला ट्रक उरले नाहीत, तेव्हा दारातली जुनी पांढरी गाडी त्यांच्या तावडीत सापडली. स्टिअरिंगखाली खोचायचा काडेपेटीएवढा स्कॅनर त्यांनी मागवला. तो वायरीशिवाय मोबाइलला जोडला की इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, बिघाडाचे कोड, सगळं पडद्यावर दिसे. पाठोपाठ मल्टीमीटर आला, टायरची हवा बघायचा गेज आला, लांबून रोखलं की तापमान सांगणारं एक पिस्तूलही आलं. ते पिस्तूल दाजी माझ्या चहावरसुद्धा रोखत. "एकाहत्तर हाय, साडूभाऊ. जरा दम धरा," म्हणत, आणि मी गुमान दम धरी.

सकाळी तोंड धुतलं की ते आधी बॅटरी मोजायचे. "आज बारा पॉइंट चार. काल पाच व्हतं," असं म्हणून ते आत आले की त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. एकदा आम्ही सगळे नळदुर्गला लग्नाला निघालो होतो. येडशीचा घाट संपल्यावर दाजींनी गाडी बाजूला घेतली आणि चारही चाकांवर पिस्तूल रोखून आकडे वहीत लिहिले. मागचं डावं चाक जास्त तापलेलं निघालं. मग दहा मिनिटांनी पुन्हा मोजणी, पुढच्या ढाब्याशी पुन्हा. आम्ही मांडवात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि नवरा-नवरी जेवायला बसली होती. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मेकॅनिकनं चाक खोलून सांगितलं की ब्रेक खरंच चिकटत होता. तेव्हा दाजींचा चेहरा असा खुलला की लग्न त्यांचंच लागलंय असं वाटावं.

या माणसाला गाडी सोडायला लावणं कुणा माणसाच्या हातचं नव्हतं. मागच्या वर्षी ते डोळे तपासायला गेले. तिथं एका मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसायचं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. दाजींनी कडेचे कितीतरी ठिपके पाहिलेच नाहीत. काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं गेलं होतं आणि ते परत येणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद करा. नुसत्या डॉक्टरांनी सांगितलं असतं तर दाजी सहा महिने भांडले असते, हे मी लिहून देतो. पण छापील कागदावर डोळ्यांचं चित्र होतं, कडेनं काळं पडलेलं. गाडीचा कोड पुसून पुन्हा तपासावा तसं त्यांनी आणखी दोनदा मशीनवर बसून बघितलं. तिन्ही कागद सारखे आले. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मशीन कशाला खोटं बोलंल?"

घरात दुसरं कुणी चालवणारं नव्हतं. मला गाडी देण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. माझ्या गाडीच्या टायरमधली हवा त्यांनी एकदा मोजली होती. म्हणजे विकणं आलं. पण गिऱ्हाईक दारात आलं की दाजी स्कॅनर जोडून बसायचे आणि गाडीचं एकेक दुखणं त्याला वाचून दाखवायचे. लोहाऱ्याचे एक कापड दुकानदार चौथ्या दुखण्याला उठले. दुसऱ्या एकानं तर चहाही घेतला नाही. "विकायलाव का परीक्षा घ्यायलाव?" अक्का आतून विचारायची. गाडी जाऊच नये असं दाजींच्या मनात आहे, असा मला संशय होता आणि मी तो बोलूनही दाखवला. दाजींना ते लागलं. "उभ्या जन्मात काट्यावर बोट ठेवलं न्हाय साडूभाऊ, आता ठेवू व्हय?" एवढं बोलून ते गाडी पुसायला गेले. मला फार वाईट वाटलं.

शेवटी सास्तूरच्या शाळेतल्या एक शेख बाई आल्या. माहेर कळंबचं, गाडी नुकतीच शिकलेल्या. दाजींनी अर्धा तास इंजिन चालू ठेवून सगळी दुखणी सांगितली आणि बाईंनी ती ओळीनं लिहून घेतली. मग पेन तसंच धरून त्यांनी विचारलं, "काका, बिघाड समजले. आता चांगलं काय हाय, तेबी सांगा की." हे दाजींना आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते जरा गडबडले. मग म्हणाले, "घाटात तापत न्हाय. थंडीत पयल्या किल्लीला उठती. आमाला कदी रस्त्यात सोडलं न्हाय तिनं." बाईंनी तेही लिहून घेतलं.

कागदपत्रं झाली आणि पुढच्या रविवारी त्या भावाला घेऊन गाडी न्यायला आल्या. स्कॅनर दाजींनी काढून घेतला नाही. "त्यो गाडीचा हाय," म्हणाले. बाईंनी गाडी मागं घेतली तेव्हा दाजी फाटकात मोबाइल धरून उभे होते आणि पडद्यावरचं वाचत होते. "पाणी चौऱ्याऐंशी. फेरे साडेआठशे. ब्येस." गाडी रस्त्याला लागली, थोडी पुढं गेली आणि आकडे जागच्या जागी थांबले. दाजींनी मोबाइल हलवून बघितला. मग मान न वळवताच मला विचारलं, "साडूभाऊ, वळली का हो गाडी? मला त्या अंगाचं दिसत न्हाय."

"वळली," मी म्हणालो.

"इंडिकेटर दिला व्हता का बाईंनी?"

मी गाडीकडे बघत नव्हतो, दाजींकडे बघत होतो. "दिला की," मी म्हणालो.

"मग बरंय," असं म्हणून त्यांनी मोबाइल खिशात टाकला. पुन्हा काही विचारलं नाही. त्या दिवशी मी वळणाकडे बघायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.